‘गेट अवे विथ’ स्पॅनिशमध्ये कसं न्यायचं? नव्या अनुवादकांसाठी पायरी-पायरीने

बऱ्याच इंग्रजी-स्पॅनिश कोशांत ‘गेट अवे विथ’पुढे ‘सालीर्से कोन ला सूया’ (आपलंच खरं करून घेणं) हे उत्तर ठळकपणे दिलेलं असतं. उत्तर चूक नाही. पण नवा माणूस ते उचलतो आणि दिसेल तिथे चिकटवतो. मग रंगाच्या डब्यावरच्या सूचनेत, चोरीच्या बातमीत आणि टोपीच्या जाहिरातीत एकच वाक्प्रचार येतो, आणि स्पॅनिश वाचक तिन्ही ठिकाणी थबकतो. इंग्रजीत क्रियापदाला एकदोन छोटे शब्द जोडून पाच-पाच अर्थ काढता येतात. स्पॅनिशमध्ये त्या पाचांना पाच वेगळी क्रियापदं लागतात.

मराठी माणसाच्या हाताशी इथे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे त्याची स्वतःची भाषा. ‘गेट अवे विथ’सारख्या प्रयोगाचे अर्थ मराठी आधीच वेगळे करून ठेवते, आणि कित्येकदा मराठी वाक्याची ठेवण स्पॅनिशला इंग्रजीपेक्षा जवळची असते. तरीही आपल्याकडे स्पॅनिश बहुतेकदा इंग्रजी पुस्तकांतून शिकली जाते, त्यामुळे ही सोय वापरायची राहून जाते. खालची रीत तीच सोय वापरते.

उच्चारांबद्दल आधी सांगून ठेवतो. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. ‘झेड’ला आणि ‘ई’ किंवा ‘आय’आधीच्या ‘सी’ला ‘स’ म्हटलं आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे ‘थ’सारखा उच्चार ऐकू येतो. ‘एच’ मुका, ‘व्ही’चा ‘ब’, ‘जे’चा ‘ख’. प्रत्यक्ष लिहिताना स्वरावरची तिरकी खूण विसरू नका. ‘आकाबो’च्या शेवटच्या ‘ओ’वर ती खूण असेल तर अर्थ होतो ‘संपलं’. नसेल तर ‘मी संपवतो’. एका खुणेने कर्ताही बदलतो आणि काळही.

पायरी १: वाक्प्रचार किती शब्दांचा आहे ते ठरवा

‘ही रॅन अप द हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्यं डोळ्यांना सारखीच दिसतात. पहिल्यात माणूस टेकडीवर धावत चढला, दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. ओळखण्याची कसोटी सोपी आहे: नामाच्या जागी ‘इट’ घालून बघा. उधारीच्या वाक्यात ‘रॅन इट अप’ म्हणता येतं, म्हणजे ‘अप’ क्रियापदाचा भाग आहे. टेकडीच्या वाक्यात ‘इट’ शेवटी ढकलावं लागतं, म्हणजे ‘अप’ टेकडीशी बांधलेलं आहे. स्पॅनिशमध्ये पहिलं वाक्य ‘सुबिओ ला क्वेस्ता कोरिएंदो’ होतं आणि दुसरं ‘आकुमुलो ऊना देउदा’. दोन्हींत एकही शब्द सामाईक उरत नाही.

‘गेट अवे विथ’ तीन शब्दांचा आहे, पण नेहमीच नाही. ‘वी गॉट अवे विथ द किड्स फॉर द वीकएंड’ यात कुणी काही लपवलेलं नाही. शनिवार-रविवार मुलांना घेऊन बाहेर पडलो, एवढंच. इथे वाक्प्रचार ‘गेट अवे’ इतकाच आहे आणि ‘विथ’चा अर्थ साधा ‘सोबत’. स्पॅनिश: ‘नोस एस्कापामोस एल फिन दे सेमाना कोन लोस नीन्योस’. ही पायरी घाईत सुटली, तर मुलांना सहलीला नेणारे आईबाप गुन्हेगार ठरतात.

पायरी २: अर्थ पूर्ण मराठी वाक्यात लिहा

मनात धरू नका, कागदावर लिहा. आणि नुसतं क्रियापद लिहून थांबू नका. प्रसंगासकट अख्खं वाक्य हवं. ‘गेट अवे विथ’चे पाच नेहमीचे वापर असे उतरतात:

१. परीक्षेत कॉपी केली आणि पचवली.
२. मोठी शिक्षा व्हायची, ती दंडावर निभावली.
३. चोर दागिने घेऊन पसार झाले.
४. भिंतीला रंगाचा एकच हात दिला तरी भागेल.
५. तसली टोपी घालावी तर तिनंच, तिला शोभते.

पचवणं, निभावणं, पसार होणं, भागणं, शोभणं. इंग्रजीत एकच प्रयोग, मराठीत पाच क्रियापदं. आता कोशात ‘गेट अवे विथ’ शोधायचं नाही; या पाचांपैकी तुमच्या वाक्यात जे असेल त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, ते शोधायचं. प्रश्नच बदलला की उत्तरं नेमकी मिळू लागतात.

पायरी ३: प्रत्येक अर्थाला त्याचं क्रियापद

सगळ्यात अवघड पहिला अर्थ, म्हणून त्यावर थोडं थांबू.

‘सालीर्से कोन ला सूया’चा गाभा आहे ‘आपलंच खरं करून घेणं’. समोर कुणाचा तरी विरोध आहे, अडथळा आहे, आणि तरीही माणूस मनातलं साधून घेतो. रडून रडून चॉकलेट मिळवणारं मूल, सगळ्यांचा नकार असताना ठराव रेटून नेणारा अध्यक्ष, पोलिसांना हुलकावणी देणारा ठग, तिघांनाही हा वाक्प्रचार चपखल बसतो. मात्र ज्यात हेतूच नव्हता तिथे तो बसत नाही. गृहपाठ करायला विसरलो आणि बाईंनी विचारलंच नाही, तर तिथे ‘नो मे पासो नादा’, म्हणजे ‘मला काही झालं नाही’, हे साधं वाक्य बरोबर. किंवा ‘मे लिब्रे’, सुटलो. विसरण्यात कुणी आपलं खरं करून घेत नसतं.

कॉपीच्या वाक्याला तटस्थ स्पॅनिश हवी असेल तर ‘कोपिओ एन एल एक्सामेन इ नादिए से दिओ क्वेन्ता’ लिहा: कॉपी केली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. हे सगळ्या देशांत चालतं. पकडलं गेलं नाही असं म्हणायचं असेल तर स्पेनमध्ये ‘पियार’ आणि मेक्सिकोत ‘काचार’ ही बोलीतली क्रियापदं आहेत. त्यांची अदलाबदल केली की वाचकाला अनुवादक परका आहे हे लगेच कळतं.

खोटं पचण्यासाठी स्पेनच्या बोलीत एक सुंदर शब्द आहे, ‘कोलार’. मूळ अर्थ गाळणं. गाळणीतून पार होणं. ‘ला मेन्तीरा कोलो’ म्हणजे खोटं गाळणीतून निसटलं, खपलं. ‘एसो नो क्वेला’ म्हणजे ‘हे पचणार नाही’. आपण खोटं पोटात घालतो, ते गाळणीत ओततात. पण दोन्हीकडे प्रश्न एकच, अडकतं की पार होतं. हा शब्द फक्त स्पेनसाठीच्या अनौपचारिक मजकुरात वापरा.

बातमी किंवा कायद्याचा मजकूर असेल तर सूर बदलतो. तिथे ‘केदार इम्पूने’ हवं: शिक्षेविना राहणं. इथे कर्ता बहुतेकदा गुन्हा असतो, गुन्हेगार नव्हे: ‘एल क्रीमेन केदो इम्पूने’. अनेकवचनात विशेषणही बदलतं, ‘इम्पूनेस’; ते विसरण्याची चूक फार होते. याच अर्थाचा ‘ईर्से दे रोसीतास’ स्पेनमध्ये बोलताना, मतप्रदर्शनाच्या लेखांत येतो. त्याचा भाव आपल्या ‘उजळ माथ्याने फिरतो’जवळ जातो. न्यायालयाच्या निकालपत्रात तो शोभणार नाही.

दुसरा अर्थ, निभावणं: ‘से लिब्रो कोन ऊना मुल्ता’, दंडावर सुटला. अपघात असेल तर ‘सालीर’ घ्या: ‘सालिओ कोन ऊनोस रास्गून्योस’, थोडं खरचटण्यावर निभावलं. तिसऱ्या अर्थात वाक्प्रचार शोधायला जाऊच नका. ‘लोस लाद्रोनेस से येबारोन लास खोयास’, चोरांनी दागिने नेले. पळण्यावर भर असेल तर ‘उयेरोन कोन लास खोयास’. इथे ‘सालीर्से कोन ला सूया’ घातलं तर दागिने वाक्यातून गायबच होतात, कारण त्यांना ठेवायला जागाच उरत नाही.

चौथ्यात एक गंमतीचा योगायोग आहे. रंगाच्या थराला इंग्रजी ‘कोट’ म्हणते. आपण ‘हात’ म्हणतो, आणि स्पॅनिशमध्येही तो हातच आहे: ‘ऊना मानो दे पिंतूरा’. म्हणून ‘एका हातात भागेल’ हे ‘कोन ऊना मानो दे पिंतूरा बास्ता’ असं जवळजवळ शब्दाला शब्द उतरतं. इंग्रजीकडे बघत बसलात तर ‘कोट’साठी स्पॅनिशमध्ये अंगरखा शोधत राहाल.

पाचवा अर्थ: ‘सोलो आ एया ले केदा ब्येन एसे सोम्ब्रेरो’. ‘आ एया’ म्हणजे ‘तिला’. मराठीत टोपी तिला शोभते, स्पॅनिशमध्येही टोपी तिला शोभते. कर्ता दोन्हीकडे टोपी. आणि अर्थ ‘त्याचं काय, त्याचं सगळं खपवून घेतात’ असा असेल तर ‘आ एल से लो पेर्मीतेन तोदो’.

पायरी ४: व्याकरणाचे सांधे तपासा

‘सालीर्से कोन ला सूया’ वापरायचं ठरलं, तर त्यात तीन जागा एकाच व्यक्तीनुसार फिरतात: ‘से’, क्रियापद आणि शेवटचा ‘सूया’. भूतकाळातली रूपं अशी:

मी: मे साली कोन ला मीआ
तू: ते सालीस्ते कोन ला तूया
तो, ती, आपण: से सालिओ कोन ला सूया
आम्ही: नोस सालीमोस कोन ला न्वेस्त्रा
तुम्ही सगळे, स्पेनमध्ये: ओस सालीस्तेइस कोन ला ब्वेस्त्रा
ते, आणि लॅटिन अमेरिकेतले तुम्ही सगळे: से सालिएरोन कोन ला सूया

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘क्येरो सालीर्से कोन ला मीआ’. शब्दकोशातलं रूप ‘से’ने संपतं, म्हणून ते तसंच उचललं जातं. बरोबर रूप ‘क्येरो सालीर्मे कोन ला मीआ’ किंवा ‘मे क्येरो सालीर कोन ला मीआ’. दुसरी चूक ‘ला सूया’च्या जागी ‘लो सूयो’ लिहिण्याची. ‘ला’ स्त्रीलिंगी आहे आणि तिच्यामागे कोणतंही नाम दिसत नाही. वाक्प्रचार तसाच गोठलेला आहे, तो दुरुस्त करायला जाऊ नका. आणि ‘सालीर कोन’च्या पुढे एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, तर अर्थ बहुधा प्रेमसंबंधाकडे झुकतो: ‘साले कोन मारीआ’ म्हणजे त्याचं मारीआशी जुळलं आहे.

आणखी एक अडचण इंग्रजीच्या ‘विथ’मुळे येते. ‘ही गॉट अवे विथ लाइंग’मध्ये ‘विथ’नंतर केलेलं कृत्य येतं. स्पॅनिशमध्ये ‘कोन’ची जागा ‘ला सूया’ने आधीच अडवलेली आहे, तिथे ‘खोटं बोलणं’ घुसवता येत नाही. वाक्य दोन तुकड्यांत फोडा: ‘मिंतिओ इ नो ले पासो नादा’. खोटं बोलला आणि त्याला काही झालं नाही. नवे अनुवादक वाक्य फोडायला कचरतात, एकाचं एकच राहिलं पाहिजे असं त्यांना वाटतं. तसा नियम कुठेच नाही.

दुसरा एखादा वाक्प्रचार असेल तर हेच सांधे वेगळ्या ठिकाणी येतात. ‘पुट अप विथ’ला ‘आग्वान्तार’ चांगलं, पण पुढे दुसऱ्याचं वागणं आलं की क्रियापद संभावनार्थी रूपात जातं: ‘नो आग्वान्तो के मे ग्रीतेन’, माझ्यावर ओरडलेलं मी खपवून घेत नाही. ‘ग्रीतान’ लिहिलंत तर चूक. याच अर्थाचं ‘सोपोर्तार’ही चालतं, मात्र इंग्रजी ‘सपोर्ट’शी त्याच्या दिसण्यावर भुलू नका. पाठिंबा देण्यासाठी ‘आपोयार’ आहे. आपल्या सहकाऱ्याला मी ‘सोपोर्तार’ करतो असं लिहिलंत, तर त्याला मी कसाबसा सहन करतो असा अर्थ होईल.

पायरी ५: वाक्य उलटं करून बघा

इंग्रजीला माणूस कर्ता म्हणून पुढे हवा असतो. ‘वी रॅन आउट ऑफ गॅस’: आम्ही काहीतरी केलं, असा थाट. मराठीत आपण म्हणतो ‘आमचा गॅस संपला’. स्पॅनिशमध्ये ‘से नोस आकाबो एल गास’. संपणारी वस्तू कर्ता, आणि ज्याची संपली तो ‘नोस’मध्ये, म्हणजे ‘आम्हाला, आमचं’ या जागी. अंडी संपली तर क्रियापद अंड्यांप्रमाणे अनेकवचनात जातं: ‘से नोस आकाबारोन लोस वेबोस’. मराठीत ‘संपला’, ‘संपली’ हा फरक आपण विचार न करता करतो. तोच कान इथे लावा. इंग्रजीवरून जाणारा ‘नोसोत्रोस आकाबामोस’ लिहितो, आणि त्याचा अर्थ ‘आम्ही संपवलं’ असा होऊन बसतो. ‘केदार्से सिन’ हा दुसरा मार्ग: ‘नोस केदामोस सिन गास’, गॅसविना राहिलो. गैरसोयीवर भर द्यायचा असेल तेव्हा हा बरा.

हातून घडलेल्या चुकांचंही तसंच. ‘माझ्या हातून पेला फुटला’ आणि ‘से मे रोम्पिओ एल बासो’ ही वाक्यं जुळी भावंडं आहेत. पेला फुटतो; माझा संबंध ‘मे’ने दाखवला जातो, पण दोष थेट माझ्यावर येत नाही. ‘से मे कायो’, हातून पडलं. ‘से मे ओल्बिदो’, मला विसर पडला. इंग्रजी ‘आय ब्रोक’, ‘आय ड्रॉप्ट’ असं ठोकून सांगते आणि तसंच स्पॅनिशमध्ये उतरवलं तर मुद्दाम फोडल्यासारखं वाटतं. तक्रारनिवारणाचा मजकूर अनुवादित करणाऱ्यांनी हा फरक फार जपावा. एका ‘से मे’ने ग्राहकाचा सूर बदलतो.

इंग्रजी ‘अप’ पुष्कळदा नुसतं ‘पूर्णपणे’ सांगायला येतं: ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’. मराठी त्यासाठी ‘टाकणं’ जोडते, स्पॅनिश ‘से’ जोडते. ‘सगळं खाऊन टाकलं’ म्हणजे ‘से लो कोमिओ तोदो’. ‘दूध पिऊन टाक’ म्हणजे ‘तोमाते ला लेचे’. मराठीत ‘टाकणं’, ‘जाणं’, ‘घेणं’ अशी साहाय्यक क्रियापदं जिथे आपोआप तोंडात येतात, तिथे स्पॅनिशमध्ये हा ‘से’ हवा का, हे एकदा विचारून बघा. दर वेळी लागेलच असं नाही.

आणि हालचालीची क्रियापदं. ‘स्वॅम अक्रॉस’मध्ये इंग्रजी पोहण्याला क्रियापद करते आणि पार होणं ‘अक्रॉस’वर सोपवते. मराठी उलटं करते: पोहून नदी ओलांडली. स्पॅनिशही तसंच: ‘क्रूसो एल रीओ आ नादो’. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी भाषांचं वर्गीकरण याच फरकावरून केलं, दिशा क्रियापदात ठेवणाऱ्या आणि दिशा बाहेरच्या शब्दात ठेवणाऱ्या. स्पॅनिश पहिल्या गटात मोडते. म्हणून ‘रॅन आउट’ म्हणजे ‘सालिओ कोरिएंदो’, धावत बाहेर पडला. आधी दिशा ठरवा. रीत मागाहून जोडा, आणि संदर्भातून कळत असेल तर सोडूनही द्या.

पायरी ६: देश आणि सूर

स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे, शिवाय प्वेर्तो रिको. काम हाती घेतानाच कोणत्या देशासाठी ते विचारा. ‘सगळ्यांसाठी’ असं उत्तर आलं, तर वाक्प्रचार टाळून साधं क्रियापद घेणं केव्हाही भलं. वाक्प्रचाराला वाक्प्रचारच हवा, या हट्टापायी चांगले मजकूर बिघडतात.

एक शब्द पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा: ‘कोखेर’. स्पेनमध्ये घेणं, पकडणं यासाठी तो दिवसभर वापरला जातो. मेक्सिको, अर्जेंटिना आणि आणखी काही देशांत तो अश्लील आहे. ‘कॅच द बस’, ‘पिक अप द फोन’ यांचा अनुवाद करताना हा शब्द नकळत येतो. लॅटिन अमेरिकेसाठी ‘तोमार’ किंवा ‘आगारार’ घ्या.

‘लुक फॉरवर्ड टू’ सुराप्रमाणे फिरतो. मैत्रिणीला: ‘तेन्गो मुचास गानास दे बेर्ते’, तुला भेटायची फार ओढ लागली आहे. पत्राच्या शेवटी कार्यालयाला: ‘केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता’, आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. दोन्हींची अदलाबदल केली तर मैत्रीण दुरावते आणि कार्यालय बुचकळ्यात पडतं. ‘मिरार आदेलान्ते’ मात्र दोन्हीकडे नको. ती इंग्रजी शब्दांची नुसती नक्कल आहे. अशीच नक्कल ‘कॉल बॅक’ची: अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांच्या तोंडी ‘यामार पारा आत्रास’ ऐकू येतं, पण छापील मजकुरात ‘देबोल्बेर ला यामादा’ लिहा, फोन परत करणं.

‘फाइंड आउट’ आणि ‘गिव्ह अप’ यांना मराठीची चाळणी लावली की काम झटपट होतं. ‘मला कळलं’ असेल तर ‘एन्तेरार्से दे’, ‘शोधून काढलं’ असेल तर ‘आबेरिग्वार’. सिगारेट सोडली: ‘देखो दे फुमार’. हात टेकले: ‘से रिंदिओ’. पोलिसांना शरण गेला: ‘से एन्त्रेगो’. बसमध्ये जागा दिली: ‘सेदिओ एल आसिएंतो’.

पुण्या-मुंबईत स्पॅनिशचं पुष्कळसं काम सॉफ्टवेअर आणि ग्राहकसेवेचं असतं, म्हणून पडद्यावरच्या मजकुराबद्दल थोडं. ‘साइन इन’ला ‘इनिसिआर सेसिओन’, ‘साइन अप’ला ‘रेखिस्त्रार्से’, ‘टर्न ऑफ’ला ‘आपागार’, ‘बॅक अप’ला ‘आसेर ऊना कोपिआ दे सेगुरिदाद’, लॅटिन अमेरिकेत बरेचदा ‘रेस्पाल्दार’. बटणांवर स्पॅनिशमध्ये सहसा क्रियापदाचं मूळ रूप येतं, मराठीसारखं ‘करा’ नाही. जागेचा हिशोब आधी करा: ‘लॉग आउट’ रोमन लिपीत मोकळ्या जागेसह ७ अक्षरांत मावतं, ‘सेरार सेसिओन’ला १३ लागतात. बटण लहान असेल तर ‘सालीर’ ही ५ अक्षरं कामाला येतात.

पायरी ७: पडताळणी

पहिली तपासणी कोशात. रेआल अकादेमिया एस्पान्योला ही संस्था १७१३ सालची. तिचा कोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात वाक्प्रचार शोधताना क्रियापदाकडे जाऊ नका. नाम असेल तर नोंद नामाखाली मिळते: ‘तोमार एल पेलो’ (थट्टा करणं) ‘पेलो’खाली, ‘मेतेर ला पाता’ (घोळ घालणं) ‘पाता’खाली.

दुसरी तपासणी प्रत्यक्ष वापराची. त्याच संस्थेचा कोर्पेस हा मजकूरसंग्रह २००१पासूनच्या मजकुरांवर उभा आहे. त्यात सुमारे ७० टक्के वाटा अमेरिका खंडाचा आणि ३० टक्के स्पेनचा, असं प्रमाण ठेवलं आहे. देशाची गाळणी लावून बघा. फक्त मूळ रूप टाकून शोधू नका. ‘से सालिओ कोन ला सूया’, ‘मे साली कोन ला मीआ’ अशी चालती-बोलती रूपं टाका. सगळी उदाहरणं एकाच देशातली निघाली, तर शब्द प्रादेशिक आहे असं धरून चला. उदाहरणं मिळाली की त्यांची संख्या मोजून थांबू नका. चार-पाच पूर्ण वाचा, आणि कर्ता कोण आहे, पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, सूर रागाचा की हसण्याचा, हे टिपून ठेवा.

तिसरी तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची. शक्य असेल तर मजकूर एक रात्र बाजूला ठेवा. सकाळी इंग्रजी झाकून, फक्त स्पॅनिश वाचून तिचं मराठी करा आणि पायरी २मध्ये लिहिलेल्या वाक्याशी ताडून बघा. ‘एका हातात भागेल’ लिहिलं होतं आणि परत येताना ‘एका हातात आपलं खरं केलं’ असं निघालं, तर चूक कुठे आहे ते आपोआप दिसेल. यंत्राने केलेला मसुदा सुधारत असाल तरी हीच तपासणी करा. यंत्राचं वाक्य व्याकरणात स्वच्छ असतं, त्यामुळे चुकलेला अर्थ नजरेतून निसटतो.

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत

‘यू वोंट गेट अवे विथ धिस.’ मालिकेतलं भांडण, धमकीचा सूर.

शब्द मोजा: ‘धिस’ म्हणजे समोरच्याचं कृत्य, वाक्प्रचार तीन शब्दांचा. मराठीत लिहा. इथे एक नाही, दोन वाक्यं सुचतात: ‘तुझं मी चालू देणार नाही’ आणि ‘याची किंमत मोजावी लागेल तुला’. पहिल्यात समोरच्याचा डाव अजून सुरू आहे, दुसऱ्यात तो कृत्य करून मोकळा झाला आहे. प्रसंग बघून ठरवा.

डाव सुरू असेल: ‘नो ते बास आ सालीर कोन ला तूया’. ‘धिस’ला वेगळा शब्द लागत नाही, ‘ला तूया’त ते आलंच. कृत्य झालेलं असेल: ‘मे लास बास आ पागार’. यातलं ‘पागार’ म्हणजे पैसे देणं, फेडणं. हेच क्रियापद पोर्तुगीजमध्येही आहे आणि तिथून आलेला ‘पगार’ आपण दर महिन्याला मोजतो. धमकी द्यायची पण कुणाला उद्देशून नको, तर ‘एस्तो नो बा आ केदार आसी’, हे असं सुटणार नाही.

आता देश. ‘बास’ हे रूप स्पेन-मेक्सिकोतल्या ‘तू’ला आणि अर्जेंटिनातल्या ‘बोस’ला सारखंच आहे, त्यामुळे पहिली दोन्ही वाक्यं तिन्हीकडे जशीच्या तशी चालतात. पात्रं एकमेकांना अहो-जाहो करत असतील, म्हणजे ‘उस्तेद’ असेल, तर तिन्ही सांधे बदला: ‘नो से बा आ सालीर कोन ला सूया’. उपशीर्षकात जागा कमी असेल तर भविष्यकाळाचं आटोपशीर रूप घ्या, ‘नो ते साल्द्रास कोन ला तूया’. मात्र लॅटिन अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यात ते जरा पुस्तकी वाटतं, म्हणून ते खलनायकाच्या तोंडी ठेवा आणि शेजाऱ्याच्या तोंडी ‘बास आ’ ठेवा.